आपल्या रागाचा धनी कोण?

चिंतनासाठी वाचने : बेनसिरा ४:३०, मार्क ३:१-५, योहान २:१-११, प्रेषितांची कृत्ये ६:१-७, याकोब १:१९-२०



प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचा रविवार आपल्या घराघरांत लग्नकार्याइतकाच आनंदाचा असतो. सकाळची मिस्सा, मुलींचे पांढरे झगे, हातातल्या मेणबत्त्या, फोटो आणि दुपारी आप्तेष्टांबरोबर जेवण. अशाच एका रविवारी एका कुटुंबाने आम्हांला आग्रहाने हॉटेलात जेवायला नेले. ज्या मुलीचा सोहळा होता तिचा धाकटा भाऊ पाच वर्षांचा. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. वडिलांनी वेटरला विचारले, "इसमें शेंगदाणा है क्या?" तो पटकन म्हणाला, "नहीं सर." ताटे आली. आईने नेहमीच्या सवयीने मुलाच्या ताटातला कोशिंबिरीचा घास आधी स्वतः खाऊन पाहिला आणि तिच्या दाताखाली दाण्याचे कूट आले.

वडील ताडकन उठले. पुढची आठ-दहा मिनिटे त्या वेटरची अक्कल, त्याचे गाव, त्याचे आईबाप सारे काढून झाले. मॅनेजरला बोलावून "याला आत्ताच्या आत्ता कामावरून काढा" असे बजावण्यात आले. आजूबाजूच्या टेबलांवरची माणसे जेवायची थांबून पाहत होती. तो मुलगा फार तर एकोणीस-वीस वर्षांचा असेल. रिकामा ट्रे छातीशी धरून, मान खाली घालून तो उभा होता.

त्याच टेबलावर आम्ही बसलो होतो. आम्ही एक शब्दही बोललो नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ज्या लेकरासाठी हे सारे चालले होते, त्याच्या पुढ्यातले ताट तेवढा वेळ तसेच होते. आरडाओरडीने घाबरून ते पोर रडू लागले होते. शेवटी त्याच्या नऊ वर्षांच्या बहिणीने ते ताट ओढून बाजूला केले.

चार दिवसांनी ते वडील आम्हांला भेटायला आले. मन अस्वस्थ होते. म्हणाले, "फादर, माझं चुकलं हे मला कळतंय. पण मी काय करायला हवं होतं? आणि तुम्हीही होता ना तिथे?" त्यांचा दुसरा प्रश्न आम्हांला लागला, आणि लागायलाच हवा होता. त्यांच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न म्हणजे हा लेख. तो त्यांच्या परवानगीने लिहिला आहे.

भीती खरी आहे

प्रथम हे मान्य करू या की त्या बापाची भीती खोटी नव्हती. "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं" असे म्हणणारी वडीलधारी मंडळी अजून आपल्यात आहेत. त्यांनी हा भाग नीट वाचावा.

आपल्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढण्यासाठी आहे. काही मुलांच्या बाबतीत ती एखाद्या साध्या अन्नालाच शत्रू समजते. शेंगदाणा, काजू-बदाम-अक्रोड, दूध, अंडे, मासळी, कोळंबी-खेकडे, गहू, सोयाबीन आणि तीळ हे पदार्थ याबाबतीत विशेष करून आढळतात. कोणाला नुसत्या गांधी उठतात. परंतु काहींना काही मिनिटांतच ओठ-जीभ सुजणे, उलट्या, धाप, भोवळ असे एकामागून एक होऊ लागते. याला ॲनाफायलॅक्सिस म्हणतात. वेळेवर उपचार न मिळाल्यास त्यात जीव जाऊ शकतो. त्यावरचा पहिला उपचार म्हणजे मांडीच्या बाहेरील बाजूस ॲड्रिनलिनचे इंजेक्शन. खाजेची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. आदल्या वर्षी याच मुलाला घेऊन हे वडील रात्री रिक्षातून दवाखान्यात धावले होते. मांडीवरच्या पोराचे निळे पडलेले ओठ ते विसरलेले नाहीत. हॉटेलात ओरडणारा माणूस त्या रात्रीच्या रिक्षातलाच होता, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे.

आणि आपल्याकडे शेंगदाणा चुकवणे किती कठीण! कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, खिचडीत कूट, चटणीत दाणे, आमटीला दाट करायला कूट, काही घरांत तेलही घाण्याचे शेंगदाण्याचे. काजूचेही तेच. हॉटेलच्या पांढऱ्या रश्श्यात तो वाटून घातलेला असतो, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून "आहे का?" हा प्रश्न आईबाप पुन्हा पुन्हा विचारतात. तो चोचलेपणा नव्हे.

राग हे पाप आहे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला वाटे की, धार्मिक माणसाने रागावूच नये. संत थॉमस अक्वायनस यांनी तो समज दूर केला. त्यांच्या मते राग ही एक भावना आहे. ती विवेकाच्या आज्ञेत राहिली तर चांगल्या कामी येते. जेथे रागावणे योग्य आहे तेथे मुळीच राग न येणे हाही दोष होऊ शकतो, असे ते म्हणतात. मार्कच्या शुभवर्तमानात (३:५) प्रभू येशू शब्बाथ दिवशी सभास्थानातल्या लोकांकडे रागाने पाहतो, असे स्पष्ट लिहिले आहे. पण त्याच वाक्यात तो त्यांच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे दुःखी झाला, असेही आहे. आणि त्या रागाचा शेवट कशात होतो? वाळलेल्या हाताचा माणूस बरा होण्यात. प्रभूच्या रागातून त्या दिवशी एक हात बरा झाला. आपल्या रागातून काय बाहेर पडते, हे प्रत्येकाने पाहावे.

थॉमसच्याही कितीतरी आधी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने रागाला घाईच्या नोकराची उपमा दिली आहे. मालकाचे बोलणे पुरते ऐकून न घेताच हा नोकर धावत सुटतो आणि भलतेच काम करून येतो. तसा राग विवेकाचा आवाज ऐकतो खरा, पण अर्धवट ऐकतो. विवेक म्हणतो, "तुझ्या लेकरावर संकट आहे." एवढे ऐकून राग धावतो तो लेकराकडे नव्हे, समोरच्या माणसाकडे. त्या दिवशी हॉटेलात घाईचे नोकर दोन होते. एक न विचारताच "नहीं सर" म्हणाला, आणि दुसरा आपल्या बंधूंच्या छातीत होता.

चार प्रश्न

राग केव्हा पाप ठरतो, हे सांगताना संत थॉमस चार कसोट्या लावतात. त्या आपण या प्रसंगाला लावून पाहू.

पहिली : ज्याला शिक्षा व्हावी असे वाटते त्याचा खरोखर अपराध आहे काय? कोशिंबिरीत कूट कोणी घातले? आचाऱ्याने. कोणत्या पदार्थात काय आहे हे वाढणाऱ्यांना कोणी शिकवायचे? मालकाने. वेटरचा दोष होता, तो आपण झाकू नये. माहीत नसताना त्याने "नाही" म्हटले. पण सारा दोष त्याचा नव्हता. सारा राग मात्र त्याच्या वाट्याला आला, कारण तो हाताशी होता आणि उलटून बोलू शकत नव्हता. हीच चूक डॉक्टरांनी, बँकेच्या साहेबांनी केली असती, तर आपण इतके ओरडलो असतो काय? ज्याच्यावर ओरडणे फुकट पडते त्याच्यावरच आपला आवाज चढतो, हे कबूल करायला हवे.

दुसरी : शिक्षा अपराधापेक्षा मोठी आहे काय? चुकीच्या उत्तराबद्दल समज देणे रास्त आहे. चारचौघांत आईबाप काढणे आणि पोटावर पाय देणे रास्त नाही.

तिसरी : शिक्षेची रीत योग्य आहे काय? मॅनेजरला बाजूला घेऊन बोलता येते, मालकाला लेखी कळवता येते, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. भर हॉटेलात केलेली बेअब्रू ही न्यायाची रीत नव्हे.

चौथी : हेतू काय? संत थॉमस यांच्या मते योग्य रागाचा हेतू न्याय टिकवणे आणि दोष सुधारणे हा असतो. आपल्या मनाची आग शांत करणे हा हेतू असेल, तर लेकराचे नाव हे केवळ निमित्त होते.

बेनसिराच्या ग्रंथात (४:३०) उपदेश आहे की, माणसाने आपल्या घरात सिंहासारखे वागू नये आणि चाकरांवर संशय घेत राहू नये. त्या काळी चाकर घरात असत. आज आपले चाकर हॉटेलात, दुकानाच्या काउंटरवर, लग्नाच्या मंडपात आणि दारात पार्सल घेऊन उभे असतात. उपदेश तोच आहे.

"पता नहीं" म्हणायची मोकळीक

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या हॉटेलात पुन्हा गेलो. तो मुलगा कामावर होता. आठवड्याची मजुरी कापली गेली होती. आम्ही त्या दिवशी गप्प राहिल्याबद्दल त्याची क्षमा मागितली. तो संकोचला. झारखंडहून आलेला, कामावर लागून जेमतेम अकरा दिवस झालेले. आम्ही त्याला विचारले, "बेटा, मालूम नहीं था तो 'नहीं' क्यों बोला?" तो म्हणाला, पहिल्याच दिवशी सांगितले होते की ग्राहकाला 'पता नहीं' कधी म्हणायचे नाही, ग्राहक चिडतात.

बंधू-भगिनींनो, या एका वाक्यात सारे काही आले. त्या लेकराला वाचवू शकणारे सर्वांत सुरक्षित उत्तर होते, "पता नहीं, पूछके आता हूँ." पण ते उत्तर देण्याची त्याला मोकळीक नव्हती. ती कोणी काढून घेतली? मॅनेजरने, आणि मॅनेजरला धाक घालणाऱ्या आपण साऱ्या ग्राहकांनी. उशीर झाला की ओरडायचे, चौकशीला वेळ लागला की ओरडायचे, "इतकंही माहीत नाही?" म्हणून हिणवायचे. मग समोरचा माणूस शिकतो की, काहीही करून लवकर आणि गोड उत्तर द्यावे. भीतीपोटी माणूस खोटे बोलतो. त्या दिवशी ज्या दहा-बारा वेटरांनी तो प्रकार पाहिला, त्यांतला एखादा पुढच्या वेळी "चुकून कूट पडलं बहुतेक" हे सांगायला येईल काय? की गुपचूप वरचा थर काढून तेच ताट पुढे करील? आपल्या ओरडण्याने आपले मूल सुरक्षित झाले नाही. आपल्यामागून त्या टेबलावर बसणारे तसेच दुसरे मूल तर अधिकच धोक्यात आले.

याकोबाचे पत्र (१:१९-२०) सांगते की, माणसाने ऐकायला तत्पर आणि बोलायला व रागवायला सावकाश असावे, कारण माणसाच्या रागातून देवाला हवे असलेले नीतिमत्त्व घडत नाही. याचा व्यावहारिक अर्थ आता आपल्या लक्षात यावा. सावकाश बोलणाऱ्यालाच खरे ऐकायला मिळते.

काना गावच्या लग्नात (योहान २:१-११) द्राक्षारस संपला. कोणाची तरी चूक झालीच होती. पवित्र मरियेने चूक कोणाची हे विचारले नाही. उणीव काय आहे ती तिने ओळखली, जो काही करू शकत होता त्याला सांगितली, आणि सेवकांना काय करायचे ते शांतपणे सांगितले. पुढे योहान एक बारकावा नोंदवतो : तो द्राक्षारस कोठून आला हे भोजनप्रमुखाला ठाऊक नव्हते, पाणी भरणाऱ्या सेवकांना ठाऊक होते. मेजावरच्या अन्नाची खरी माहिती कोणाजवळ आहे ते शोधून, मान देऊन त्याला विचारणे, हा धडा लहान नाही.

मेजावरची तक्रार आणि प्रेषित

वाढण्यावरून झालेली तक्रार पहिल्या ख्रिस्तसभेतही होती. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ उघडा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जात होते. तक्रार खरी होती. प्रेषितांनी ती दाबली नाही आणि वाढणाऱ्यांना चारचौघांत झापलेही नाही. त्यांनी व्यवस्था बदलली. स्तेफन, फिलिप आदी सात माणसे या कामी नेमली, आणि त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पंगतीत वाढणे हे काम प्रार्थनेने सोपवण्याच्या योग्यतेचे आहे, असे त्यांना वाटले. आपल्या 'डीकन' या पदाच्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही सेवक, वाढपी असाच आहे.

आपल्या पवित्र मेजाचेच उदाहरण घ्या. सिलियाक नावाचा एक आजार आहे. तो ॲलर्जीहून वेगळा, पण त्यात गव्हातले ग्लुटेन सोसत नाही. पवित्र मिस्सेची भाकर तर गव्हाचीच असावी लागते. अशा मुलाच्या आईने काय करावे? २४ जुलै २००३ रोजी रोमच्या धर्मश्रद्धाविषयक मंडळाने याबाबत पत्र काढले आणि २०१७ मध्ये उपासनाविषयक मंडळाने ते पुन्हा स्पष्ट केले. अगदी ग्लुटेनरहित भाकर चालत नाही, पण अत्यल्प ग्लुटेन असलेली गव्हाची भाकर चालते. तीही सोसत नसेल त्याने केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्त स्वीकारावा. त्यातही ख्रिस्त पूर्णपणे आहे. कोणाच्या घरी असे मूल असेल तर संकोच न करता आम्हांला आधी सांगावे. वेदीपुढच्या रांगेत ऐनवेळी सांगू नये.

दुःखातूनही व्यवस्था घडू शकते. इंग्लंडमधील नताशा एडनान-लापरूझ ही पंधरा वर्षांची मुलगी जुलै २०१६ मध्ये विमानतळावर विकत घेतलेला पाव खाऊन मरण पावली. पावाच्या पिठात तीळ होते आणि वेष्टनावर त्याचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी नेटाने पाठपुरावा केला. ऑक्टोबर २०२१ पासून तेथे दुकानातच बांधून ठेवलेल्या खाद्यपदार्थांवरही सर्व घटक लिहिणे आणि ॲलर्जीचे घटक ठळक दाखवणे सक्तीचे झाले. त्या कायद्याला तिचे नाव मिळाले. त्या आईबापांच्या दुःखाने किती अनोळखी लेकरांना जपले असेल! आपल्या देशातही २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार बंद पाकिटांवर शेंगदाणा, दूध, अंडे, मासळी अशा घटकांचा उल्लेख करावा लागतो. पाकीट उलटून वाचण्याची सवय लावून घ्यावी. मात्र कोपऱ्यावरच्या हॉटेलात आणि लग्नाच्या पंगतीत पाकीट नसते. तेथे माणसालाच विचारावे लागते.

मग काय करावे?

१. "ॲलर्जी है" एवढ्यावर भागवू नये. अनेकांना त्याचा अर्थ "आवडत नाही" किंवा "थोडी खाज येते" असा वाटतो. "शेंगदाणा खाल्ला तर याचा श्वास बंद होतो" असे साध्या शब्दांत सांगावे. कागदावर हिंदी-मराठीत लिहून तो कागद आत आचाऱ्याकडे पाठवावा.

२. वेटरला आधीच सांगावे, "माहीत नसेल तर माहीत नाही म्हण, मी रागावणार नाही. आत विचारून ये." त्याने असे प्रामाणिक उत्तर आणले तर त्याचे आभार मानावेत. खात्री पटली नाही तर मुलाला घरचा डबा द्यावा.

३. चूक झालीच तर आधी ताट उचलावे आणि मुलाकडे पाहावे. त्याने खाल्ले असेल आणि लक्षणे दिसू लागली, तर डॉक्टरांनी सांगून ठेवलेला उपचार ताबडतोब करावा, मुलाला आडवे ठेवावे (धाप लागत असेल तर टेकून बसवावे), चालवू नये, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पुढे बरे वाटले तरी दवाखान्यात न्यावेच. या मिनिटांवर मुलाचा हक्क आहे, ती भांडणात घालवू नयेत.

४. तक्रार जरूर करावी, पण नंतर, बाजूला, आणि ज्याच्या हाती बदल करणे आहे त्याच्याकडे.

५. शेजारी कोणी असा संतापला असेल, तर बाकीच्यांनी आमच्यासारखे गप्प बसू नये. एकाने मुलाला जवळ घ्यावे. एकाने संतापलेल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाहेर न्यावे.

६. यजमानांनी केटररला पदार्थांत काय घातले आहे ते विचारून पंगतीजवळ पाटी लावावी. या वर्षीपासून आपल्या धर्मशिक्षण वर्गाच्या अर्जात मुलाला कोणते अन्न सोसत नाही याचा एक रकाना असेल. सणाच्या आणि सहलीच्या जेवणातही आपण ही पाटी लावू.

ते वडील नंतर त्या हॉटेलात गेले, एकटेच. तो मुलगा संकोचाने आत निघून जात होता. त्यांनी त्याला थांबवले आणि क्षमा मागितली. मग मॅनेजरशी बोलून कापलेली मजुरी परत देण्याची विनंती केली. ती मिळाली. आता तेथे कोशिंबीर कुटाशिवाय करतात आणि कूट वेगळ्या वाटीत देतात, असे ते सांगत होते. दहा मिनिटे ओरडून जे झाले नव्हते ते झाले. रविवारच्या हिंदी मिस्सेला आम्ही त्या मुलाला मागच्या बाकावर पाहिले. तो आपल्याच धर्मग्रामात राहतो. त्या दिवशी आम्हांला ते ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर आम्ही बोललो असतो काय, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारत आहोत. कारण तो आपला नसता, तरीही बोलायला हवेच होते.

कुटुंबात चर्चेसाठी

– या महिन्यात आपण कोणावर आवाज चढवला? तो माणूस आपल्याला उलट बोलू शकत होता काय?
– आपल्या घरात "माझं चुकलं" किंवा "मला माहीत नाही" असे म्हणायला मुले घाबरतात काय?
– ज्यांच्यावर आपण चारचौघांत ओरडलो, त्यांपैकी कोणाची क्षमा मागणे राहून गेले आहे?

प्रार्थना

हे प्रभो, आमच्या लेकरांना जप. त्यांच्या काळजीने आमचा जीव कासावीस होतो हे तू जाणतोस. ती काळजी दुसऱ्याच्या लेकराला चिरडू नये अशी बुद्धी दे. आम्हांला वाढणाऱ्या हातांना आशीर्वाद दे, आणि जेथे बोलायला हवे तेथे आम्हां गप्प बसणाऱ्यांना वाचा दे. आमेन.